हादरा सोसायचा, चुकवायचा की जिरवायचा?

भूकंपात इमारतीला बाहेरून कोणी ढकलत नाही. जमीन पायाला घेऊन बाजूला सरकते आणि वरचे मजले स्वतःच्या वजनामुळे जागीच राहू पाहतात. या ओढाताणीत कॉलम तिरपे होतात, भिंती फाटतात, सांधे उलतात. इमारतीवर येणारे बल तिच्याच वजनातून जन्मते. वजन जितके जास्त आणि इमारतीच्या झुलण्याचा ठेका जमिनीच्या थरथरीशी जितका जुळता, तितका मार मोठा. बचावाच्या सगळ्या युक्त्या इथूनच निघतात. बल सोसता येईल इतकी इमारत बळकट आणि चिवट करता येते. जमिनीची हालचाल वर चढूच न देता ती चुकवता येते. चढलेली ऊर्जा एखाद्या उपकरणात जिरवता येते. आणि यंत्र लावून हालचालीला उलट बाजूने धक्काही देता येतो. या चार वाटांत कोणती चांगली, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटतो. पण उत्तर ठरते ते इमारत कशाची आहे, कुठल्या जमिनीवर आहे आणि हादरा थांबल्यावर तिच्याकडून काय हवे आहे यावरून.

उदाहरण म्हणून कर्नाटकातल्या धारवाडचा परिसर घेऊ. धारवाडहून बेळगावकडे निघाले की पुणे-बंगळूर महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. पत्र्याच्या उंच शेड, दोन-तीन मजली कचेऱ्या, गोदामे, पाण्याच्या टाक्या आणि आसपासच्या गावांतली दगड-मातीची जुनी घरे असा तिथला संमिश्र पसारा आहे. भूकंपाच्या दृष्टीने हा भाग शांत समजला जातो आणि त्या समजाला भूगर्भशास्त्राचा आधारही आहे. इथला खडक इतका जुना की अडीच अब्ज वर्षांहून प्राचीन अशा एका संपूर्ण खडकसमूहाला जगभर धारवाडचेच नाव मिळाले. असा भूखंड सहसा हलत नाही. तरीही आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत धारवाड तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येते. बेळगाव, पुणे, मुंबई, सोलापूर आणि गोवाही त्याच क्षेत्रात आहेत.

या सावधगिरीमागे दोन धडे आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात भेगा पडल्या आणि धरणातच बसवलेल्या उपकरणाने गुरुत्वाच्या सुमारे ६३ टक्क्यांइतके त्वरण नोंदवले. तोवर दख्खनचे पठार भूकंपमुक्तच मानले जात होते. कोयनेनंतर नकाशा बदलला. दुसरा धडा ३० सप्टेंबर १९९३ चा. गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, जवळपास ८ हजार माणसे गेली. नकाशावर हा भाग तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत ते पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले. कोयनेपासून धारवाड सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाच्या केंद्रापासून अहमदाबादही जवळपास तितकेच दूर होते आणि तिथल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. कोयनेचा भूकंप साडेसहाच्या आसपासचा, कच्छचा ७.७ चा, दोन्हींच्या ऊर्जेत प्रचंड तफावत आहे, त्यामुळे ही तुलना घाबरवण्यासाठी नाही. लांबचा भूकंप उंच आणि लवचीक इमारतींना गाठतो, एवढेच तिच्यातून घ्यायचे.

आता पहिली वाट, सोसण्याची. धारवाडसारख्या ठिकाणी १०० टन वजनाची एक चारमजली इमारत धरू. तिसऱ्या क्षेत्रासाठी मानकाने धरलेला तीव्र हादरा गुरुत्वाच्या १६ टक्क्यांचा आहे. ठेंगण्या इमारतीत तो वर चढताना सुमारे अडीच पट होतो. म्हणजे ही इमारत जराही न वाकता, न तडकता उभी ठेवायची तर तिला सुमारे ४० टनांचे आडवे बल पेलता आले पाहिजे. मानक मात्र हिशेबासाठी हादरा निम्मा धरते आणि इमारत चिवट पद्धतीने बांधलेली असेल तर त्यालाही पाचने भागू देते. उरतात ४ टन. सुरक्षागुणकांमुळे प्रत्यक्षातली ताकद याहून बरीच अधिक भरते, तरी चार आणि चाळीस यांमधली दरी राहतेच. बाकीचे ३६ टन जातात कुठे?

ते जातात नुकसानीत, आणि ते जाणूनबुजून पत्करलेले असते. बीमच्या टोकांशी सळया ताणल्या जाव्यात, काँक्रीट तडकावे, त्या ताणण्यात ऊर्जा खर्च व्हावी, पण कॉलम उभे राहावेत आणि स्लॅब खाली येऊ नयेत असा हा करार आहे. अभियंते या गुणाला डक्टिलिटी म्हणतात, पाठ्यपुस्तकात तन्यता. आयएस १३९२० हे मानक त्यासाठी आहे आणि तिसऱ्या क्षेत्रापासून पुढे ते टाळता येत नाही. सांध्यावर मिळणारे कॉलम बीमपेक्षा निदान १.४ पट बळकट हवेत. सांध्याजवळ रिंगा दाट हव्यात. रिंगेची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांत आत वळवलेली हवीत, नाहीतर कव्हरचे काँक्रीट गळताच रिंग उघडते आणि आतल्या उभ्या सळया फुगून बाहेर येतात. एवढ्याशा वाकणाला फारसा खर्च येत नाही. मात्र ते आहे की नाही हे स्लॅब भरण्याआधीच्या त्या एका दिवशीच पाहता येते. संगणकावरचे आराखडे कितीही सुरेख असले तरी ही वाट शेवटी सळई वाकवणाऱ्या कामगाराच्या आणि ती तपासणाऱ्या साइट इंजिनिअरच्या हाती असते. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळून अनेकांचा जीव गेला. त्या दिवशी कोणताही भूकंप झाला नव्हता. ज्या इमारतीला स्वतःचे उभे वजन पेलत नाही, तिच्यासाठी आडव्या बलाचे तंत्रज्ञान निवडत बसण्यात अर्थ नसतो.

अहमदाबादेत पडलेल्या इमारतींपैकी बऱ्याच एकाच साच्याच्या होत्या: वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले, खाली पार्किंगसाठी मोकळे ठेवलेले नुसते कॉलम. सगळी हालचाल त्या एका मऊ मजल्यात एकवटते आणि वरचा पेटारा शाबूत राहून खालचे पाय मोडतात. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कुठल्याही शहरात नव्या वस्तीत फेरी मारली तर हीच घडण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसते. त्यावर उपाय आहे: तळमजल्यावर जमिनीपासून वरपर्यंत जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, निदान दोन्ही दिशांना काही ठिकाणी. गाडीची एखादी जागा त्यात जाते, म्हणून बिल्डर कुरकुरतो.

सोसण्याच्या वाटेची मर्यादा लॉस एंजेलिसजवळच्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाने दाखवली. १९७१ च्या भूकंपात नवी कोरी इमारत निकामी झाली, म्हणून तिच्या जागी पोलादी भिंती घालून अतिशय भक्कम रुग्णालय उभारले गेले. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिजच्या भूकंपात त्याच्या सांगाड्याला काही झाले नाही. पण ताठ इमारतीने हादरा जसाच्या तसा, किंबहुना वाढवून वर नेला. छतावर गुरुत्वाच्या दुपटीहून अधिक त्वरण नोंदले गेले. पाण्याच्या नळ्या फुटल्या, मजल्यांवर पाणी झाले आणि ज्या दिवशी रुग्णालयाची सर्वांत जास्त गरज होती त्याच दिवशी रुग्णांना बाहेर काढावे लागले. इमारत वाचली, पण रुग्णालय बंद पडले. त्याच भूकंपात त्याच महानगरातले दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रुग्णालय चालू राहिले. तिथे बाहेरच्या जमिनीवर गुरुत्वाच्या ०.४९ पट त्वरण होते, छतावर ०.२१ पट. हे रुग्णालय रबराच्या ठोकळ्यांवर उभे होते.

ही दुसरी वाट, चुकवण्याची. इमारत आणि पाया यांच्यामध्ये आडव्या दिशेने मऊ, पण उभ्या दिशेने कडक असा थर घालायचा. अभियंते त्याला बेस आयसोलेटर म्हणतात, मराठीत विलगक. चारमजली इमारतीचा झुलण्याचा काळ साधारण ०.४ सेकंद असतो आणि बहुतेक भूकंपांचा जोर नेमका याच पट्ट्यात असतो. विलगकांवर ठेवलेल्या इमारतीचा काळ दोन-अडीच सेकंदांवर जातो. मानकातला आलेख वापरून पाहिले तर मध्यम जमिनीवर दोन सेकंदांच्या इमारतीवर येणारे बल ठेंगण्या ताठ इमारतीच्या सुमारे २७ टक्के भरते. वरच्या उदाहरणातले ४० टन असे ११ टनांच्या आसपास येतात, तेही काहीही न तडकता. विलगकात ऊर्जा जिरवण्याची सोय असली की आकडा आणखी उतरतो.

कल्पना जुनी आहे. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातले स्कोप्ये शहर १९६३ मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर स्वित्झर्लंडच्या मदतीने तिथे पेस्टालोझी शाळा बांधली गेली, ती साध्या रबराच्या ठोकळ्यांवर. पोलादी पत्रे न घातलेले ते रबर वजनाखाली बाजूंनी फुगत असे. पुढे रबर आणि पोलादाचे पातळ थर एकाआड एक चिकटवण्याची रीत आली. पत्र्यांमुळे रबर उभ्या दिशेने दबत नाही, आडवे मात्र सहज सरकते. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी या ठोकळ्याच्या मध्यभागी शिशाचा दांडा बसवला आणि ही युक्ती जगभर गेली. शिसे नेहमीच्या वाऱ्यात इमारत घट्ट धरून ठेवते. मोठ्या हादऱ्यात ते पिठासारखे मळले जाते आणि हालचालीची उष्णता करून टाकते. नंतर सामान्य तापमानालाच त्याची स्फटिकरचना पूर्ववत होते. वेलिंग्टनमधली विल्यम क्लेटन इमारत ही अशा ठोकळ्यांवरची पहिली इमारत, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची.

भारतातला पहिला प्रयोग मात्र कुठल्या महानगरात झाला नाही. तो झाला किल्लारीत. पुनर्वसनात नव्या जागी वसवलेल्या गावात एक शाळा आणि एक दुकानसंकुल अशा दोन एकमजली इमारती रबरी विलगकांवर बांधण्यात आल्या. विटांच्या भिंती, वर काँक्रीटचे छत, खाली कठीण जमीन. ज्या गावाने घरांखाली आपली माणसे गमावली तिथल्या मुलांची शाळा अशी असावी यात औचित्य होतेच, पण तांत्रिकदृष्ट्याही निवड नेमकी होती: ठेंगणी, ताठ, ठिसूळ भिंतींची इमारत कठीण जमिनीवर असली की विलगकाचा फायदा सर्वाधिक मिळतो. त्यानंतर भूजचे जे रुग्णालय २००१ च्या भूकंपात कोसळले त्याच्या जागी विलगकांवरची चारमजली इमारत आली. आयआयटी गुवाहाटीच्या आवारात तर एकसारख्या दोन तीनमजली इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत, एक नेहमीच्या पायावर, दुसरी विलगकांवर. ईशान्येत लहान-मोठे धक्के वरचेवर बसतात, त्यामुळे दोघींची तुलना प्रयोगशाळेतल्या टेबलावर न होता खऱ्या भूकंपात होते, आणि विलगकांवरच्या इमारतीचे मजले कमी हादरलेले नोंदले गेले आहेत. मुंबईच्या आयआयटीतही या विषयावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. भारतीय मानकाला स्वतंत्र भाग मिळायला मात्र २०२२ साल उजाडले. तुर्कस्तानने त्याआधीच, २०१३ पासून, अधिक धोक्याच्या भागातल्या शंभरहून जास्त खाटांच्या नव्या रुग्णालयांना विलगक सक्तीचे केले होते.

मग सगळ्याच इमारती अशा का बांधत नाहीत? पहिली अडचण जमीन. मऊ गाळाची जमीन हादऱ्यातला भरभर थरथरणारा भाग गाळून टाकते आणि संथ, लांब झोका वाढवते. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या गाळावर जमीन दोन सेकंदांच्या ठेक्यात झुलली. तिथे दोन सेकंदांचा विलगक म्हणजे आगीत तेल. भारतीय मानकाच्या आलेखातही हा फरक दिसतो: दोन सेकंदांच्या इमारतीवरचे बल खडकावर ठेंगण्या इमारतीच्या पाचव्या हिश्शावर येते, मऊ जमिनीवर तिसऱ्या हिश्शावरच अडते. हुबळीकडे काळी कपाशीची जमीन सर्रास आढळते, धारवाडच्या पश्चिमेला मुरूम आणि खडक. त्यामुळे हुबळी-धारवाड या एकाच जुळ्या शहरात एका टोकाला जे रास्त, ते दुसऱ्या टोकाला जमीन तपासल्याशिवाय रास्त म्हणता येत नाही.

दुसरी अडचण हालचालीची. बल कमी होते, पण इमारत आख्खी २० ते ४० सेंटिमीटर इकडेतिकडे सरकते. तेवढी मोकळी चर चारी बाजूंनी ठेवावी लागते. पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि गॅसच्या नळ्यांना लवचीक सांधे हवेत, जिना आणि लिफ्टचा खड्डा वरून लटकता हवा. आपल्याकडे रिकामी जागा दिसली की कोणीतरी तिथे ओटा बांधतो, फरशी घालतो, शेजारची भिंत टेकवतो. विलगकांवरच्या इमारतीत असा एक ओटा सारा खर्च पाण्यात घालू शकतो. तिसरी गोष्ट गुणवत्तेची. प्रत्येक ठोकळा प्रत्यक्ष दाबून आणि सरकवून तपासावा लागतो. जपानसारख्या काटेकोर देशातही २०१५ मध्ये रबरी विलगकांच्या आणि २०१८ मध्ये तेलाच्या डॅम्परांच्या, म्हणजे कंपने जिरवणाऱ्या उपकरणांच्या, चाचण्यांचे आकडे कंपन्यांनी बदलल्याचे उघड झाले आणि शेकडो इमारती फेरतपासणीत गेल्या. आणि उंच मनोऱ्यांना विलगकाचा उपयोग थोडाच, कारण त्यांचा काळ मुळातच लांब असतो.

उंच इमारतींसाठी, आणि उभ्या असलेल्या इमारतींच्या मजबुतीसाठी, तिसरी वाट सोयीची: जिरवण्याची. इमारतीच्या चौकटींत तिरके आधार घालून त्यांत डॅम्पर बसवतात. काहींत पोलादी पट्ट्या वाकतात, काहींत दाबून धरलेल्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, काहींत जाड तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते. घर्षणाचे डॅम्पर भारतात गुडगावच्या एका अठरामजली इमारतीत वापरले गेले आहेत. साध्या काँक्रीटच्या इमारतीची कंपने स्वतःहून शमवण्याची क्षमता सुमारे पाच टक्के धरतात. डॅम्परांनी ती वीस टक्क्यांच्या आसपास नेली की मजल्यांचे सरकणे ठळकपणे घटते. तेलाच्या डॅम्परचा एक गुण अभियंत्यांना विशेष आवडतो. त्याचे बल वेगावर अवलंबून असते आणि इमारत सर्वांत जास्त वाकलेली असताना वेग शून्य असतो, म्हणून कॉलमवरचा ताण शिगेला पोहोचतो त्याच क्षणी डॅम्पर जास्तीचा भार टाकत नाही. घर्षणाच्या डॅम्परचे तसे नाही. पण तो स्वस्त आणि देखभालीला सोपा. विलगक इमारतीखालून घालायचे तर ती उचलावी लागते. डॅम्पर मात्र सुट्टीच्या काळात एकेक चौकट मोकळी करून बसवता येतात.

याच कुळातला, पण वेगळ्या स्वभावाचा भाऊ म्हणजे वरच्या मजल्यावर टांगलेले वजन. त्याचा झुलण्याचा काळ इमारतीच्या काळाशी जुळवलेला असतो, त्यामुळे इमारत एकीकडे गेली की ते मागे राहून तिला ओढून धरते. तैपेईच्या १०१ मजली इमारतीतला ६६० टनांचा सोनेरी गोळा प्रेक्षणीय स्थळ झाला आहे. सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्यातही अडीचशे टनांची अशी दोन वजने आहेत. दोन्हीकडे मुख्य शत्रू वारा. भूकंपात या युक्तीचा भरवसा कमी, कारण वजन एकाच ठेक्यावर जुळवलेले असते. मोठ्या हादऱ्यात काँक्रीट तडकले की इमारत मऊ होते, तिचा ठेका बदलतो आणि वजन बेसूर होते. शिवाय लय पकडायला त्याला काही झोके लागतात, आणि कोयनेसारखा जवळचा भूकंप काही सेकंदांत आटोपलेला असतो.

चौथी वाट सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कमी चाललेली. जे. टी. पी. याओ यांनी १९७२ मध्ये मांडले की इमारतीलाही विमानासारखी नियंत्रणव्यवस्था देता येईल: संवेदक हालचाल मोजतील, संगणक बल ठरवील, यंत्र ते लावील. १९८९ मध्ये तोक्योच्या अकरामजली क्योबाशी सेइवा इमारतीत कजिमा कंपनीने छतावर ४ टन आणि १ टनाची दोन चालती वजने बसवली आणि कल्पना प्रत्यक्षात आली. संगणकाला नियम देण्याच्या अनेक रीती आहेत. एक रीत हालचाल आणि वापरलेले बल या दोन्हींना किंमत लावून एकूण किंमत कमीत कमी ठेवते. दुसरी इमारतीचा वेग आणि विस्थापन एका ठरवून दिलेल्या रेषेवर आणून तिथेच धरून ठेवते. तिसरी ‘थोडे’, ‘बरेच’, ‘फार’ अशा ढोबळ पायऱ्यांवर निर्णय घेते. कागदावर या नियमांच्या शर्यती खूप रंगतात.

प्रत्यक्षातली अडचण नियमापेक्षा साध्या गोष्टींची आहे. हजार टनांच्या इमारतीला तिच्या वजनाच्या एक दशांश बलाने आवरायचे तर शंभर टनांचा जोर काही क्षणांत हवा, आणि वीज बहुधा त्याच क्षणी गेलेली असते. दुसरे म्हणजे विलंब. मोजणे, हिशेब आणि यंत्राची हालचाल यांत सेकंदाचा अगदी छोटा भाग गेला तरी, झोपाळ्याला चुकीच्या क्षणी दिलेल्या ढकलीसारखा, थांबवण्याचा धक्का वाढवण्याचा होतो. बाहेरून ऊर्जा घालणारी व्यवस्था बिघडली तर तीच इमारतीला हानी करू शकते. म्हणून जपानमधल्या अशा बहुतेक व्यवस्था वारा आणि मध्यम हादरे यांत माणसांना भोवळ येऊ नये यासाठी आहेत, प्रलयंकर भूकंपासाठी नाहीत.

यातून निघालेली मधली वाट मात्र गांभीर्याने घ्यावी अशी आहे. डॅम्पर नेहमीसारखाच, पण त्याचा कडकपणा क्षणोक्षणी बदलता. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळायचे. भोवतीच्या वेटोळ्यात वीज सोडली की कण साखळ्या धरतात आणि काही मिलिसेकंदांत तेल लोण्यासारखे घट्ट होते. वीज बंद, की पुन्हा पातळ. तोक्योच्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयात २००१ मध्ये असे डॅम्पर बसवले गेले. यंत्र इमारतीत ऊर्जा घालत नाही, फक्त काढून घेते, त्यामुळे चुकले तरी भडका उडत नाही. बॅटरीवर भागते, आणि बॅटरीही गेली तर साधा डॅम्पर उरतो. नियमही सोपा ठेवता येतो: जे बल हवे ते डॅम्पर त्या क्षणी देऊ शकत असेल तर वीज पूर्ण, नसेल तर बंद. कण तळाशी बसणे आणि सील झिजणे या जुन्या तक्रारी आहेत, आणि दशकानुदशके न वापरलेले उपकरण एका पहाटे बिनचूक चालेल याची हमी देखभालीवाचून मिळत नाही.

या वाटांची तुलना वाचताना सामान्य वाचकानेही दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, कोणत्या भूकंपावर? बहुतेक अभ्यास १९४० चा एल सेंट्रो, १९६८ चा हाचिनोहे, १९९४ चा नॉर्थरिज आणि १९९५ चा कोबे या नोंदींवर होतात. कोयनेची नोंद वेगळी आहे: खडकावरची, भरभर थरथरणारी, थोडा वेळ टिकणारी. तिच्यात ठेंगण्या ताठ इमारती भरडल्या जातात आणि विलगक चमकतो; कोबेच्या जवळच्या, लांब झोक्याच्या हादऱ्यात तोच विलगक आपल्या सरकण्याच्या मर्यादेला भिडू शकतो. दुसरी गोष्ट, कमी काय झाले? मजल्यांमधले सरकणे कमी झाले तर भिंती वाचतात. मजल्याचे त्वरण कमी झाले तर आतली यंत्रे, नळ्या आणि ऑक्सिजनची टाकी वाचते. डॅम्पर घट्ट ठेवला की पहिले घटते, पण दुसरे वाढू शकते. बदलत्या डॅम्परचा खरा फायदा या दोन्हींचा मेळ घालण्यात आहे. ‘कंपने साठ टक्क्यांनी घटली’ असे नुसते वाक्य या दोन उत्तरांशिवाय जवळजवळ निरर्थक असते.

बेलूरच्या शेडना ही चर्चा लावली तर निवड तितकीशी झगमगीत उरत नाही. पत्र्याच्या शेडचे वजनच कमी, म्हणून तिच्यावरचे भूकंपबलही कमी. तिचे डिझाइन बहुधा वाराच ठरवतो. तिथे धोका आतल्या वस्तूंचा: मालाने भरलेले उंच रॅक, रुळांवर नुसता ठेवलेला ट्रान्सफॉर्मर, साखळी न लावलेले गॅस सिलिंडर, क्रेनच्या गर्डरचे सैल बोल्ट. अँकर बोल्ट, आडवे ताणपट्टे आणि साखळ्या एवढ्याने यातला मोठा भाग आवरतो, आणि एखादे अतिनाजूक यंत्र असेल तर आख्ख्या शेडऐवजी त्या यंत्राखालीच छोटे विलगक घालता येतात. तीन-चार मजली काँक्रीटच्या कचेऱ्यांना नीट बांधलेल्या रिंगा आणि तळमजल्यावर काही काँक्रीटच्या भिंती पुरतात. रुग्णालय, अग्निशमन केंद्र किंवा माहिती साठवणारे केंद्र मुरमाड जमिनीवर बांधले जात असेल तर विलगकाचा वाढीव खर्च समर्थनीय ठरतो. बांधून झालेल्या मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींना डॅम्पर लावलेले तिरके आधार हा घरमालकांच्या संस्थेला परवडण्याजोगा मार्ग होऊ शकतो. बदलत्या डॅम्परांची आणि संगणकी नियमांची जागा सध्या तरी प्रयोगशाळेत आणि एखाद्या खास मनोऱ्यात आहे.

उरतात दगड-मातीची घरे, आणि किल्लारीत माणसे मेली ती अशाच घरांत. दोन तोंडांच्या दगडी भिंती, मध्ये माती आणि खपऱ्या, वर दरवर्षी पांढऱ्या मातीचा थर चढत जाड झालेले माळवद. हादरा बसताच भिंतीची दोन तोंडे सुटी झाली, फुगली आणि वरचे टनावारी ओझे झोपलेल्या माणसांवर आले. अशा घराला ना विलगक लागतो ना डॅम्पर. माळवदावरची जादा माती उतरवायची. दारे-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधून ठेवणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालायचा. कोपऱ्यांत सळया घ्यायच्या. आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळईचा हूक टाकून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही तोंडे एकमेकांना धरून राहतात. नव्या बांधकामात हेच काम एक लांब बंधदगड करतो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी गेली, पण त्यांखेरीज दीड लाखांहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करण्याचे काम हाती घेतले गेले, ते गवंड्यांना हीच कामे शिकवून.